पिकअप उंच करायची आहे? आधी खाली वाकून पाहा

आपल्या कितीतरी घरांत पिकअप ही हौसेची वस्तू नसून रोजी आहे. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर मासळीचे क्रेट तिच्या हौद्यातून जातात, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या, पावसाच्या तोंडावर चिरे आणि सिमेंट, बकरी ईदच्या आधी बकरे. आखातात गेलेली आपली मुलेही बऱ्याचदा पिकअपवरच असतात. कोणी बांधकामाच्या साइटवर सामान पोचवतो, कोणी एसी दुरुस्तीचे. म्हणून घरातला तरुण मुलगा मोबाइलवर एखादी उंच, रुंद टायरांची, वाळूत उभी असलेली गाडी दाखवून म्हणतो, "अब्बा, आपली पण अशी करू या. तीन इंचच तर वाढवायचेत," तेव्हा तो बोलतोय ते फक्त गाडीच्या दिसण्याविषयी नसते. घराच्या कमाईच्या साधनाला हात लावण्याची ती गोष्ट असते. अशा वेळी मुलाला नुसते "गप्प बस" म्हणून भागत नाही, आणि पैसे काढून देऊनही भागत नाही. आधी हे काम नेमके काय आहे ते समजून घेतलेले बरे.

गाडी उंच करण्याचे दोन मार्ग आहेत आणि लोक हमखास त्यांची गल्लत करतात. पिकअपची रचना आठवा. खाली लोखंडाची शिडीसारखी चॅसिस असते. तिच्यावर इंजिन, गिअरबॉक्स, पाटे, चाके सगळे बसवलेले. वर केबिन आणि हौदा वेगवेगळे ठेवलेले, आणि चॅसिसला बोल्टने आवळलेले. केबिन आणि चॅसिस यांच्यामध्ये रबराचे जाड बुश असतात, कारण चॅसिसचे हादरे थेट माणसाच्या मणक्यापर्यंत येऊ नयेत. पहिल्या प्रकारात स्प्रिंग, पाटे, शॉकॲब्सॉर्बर बदलून अख्खी चॅसिसच चाकांपासून वर उचलतात. त्याला सस्पेन्शन लिफ्ट म्हणतात. दुसऱ्या प्रकारात चॅसिस, इंजिन, चाके जिथल्या तिथे राहतात आणि रबरी बुशांवर ठोकळे ठेवून फक्त केबिन आणि हौदा वर घेतात. ही बॉडी लिफ्ट. ठोकळे, लांब बोल्ट आणि सोबतचे लहानमोठे भाग एका खोक्यात मिळतात, तोच बॉडी लिफ्ट किट. अमेरिकेत हा प्रकार जुना आहे, कारण तिथे पिकअप घराघरांत आहे आणि सस्पेन्शनच्या मानाने हे काम स्वस्तात होते. तिथल्या हौशी लोकांनी तर बर्फावरच्या हॉकीची एक इंच जाडीची रबरी चकती बुशांखाली सारून घरगुती लिफ्ट केल्या. असले प्रयोग कोणी सांगितले तर कानाआड करावेत.

आता ज्यावरून सगळ्यात जास्त गैरसमज होतो ती गोष्ट. बॉडी लिफ्ट केल्याने गाडी दगडावर घासायची थांबत नाही. गाडीचा सर्वांत खालचा भाग असतो मागच्या धुऱ्याचा मधला गोळा, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री डिफ्रन्सल म्हणतात. तो चाकांना जोडलेला आहे. केबिन दोन इंच वर गेली काय किंवा दहा इंच गेली काय, तो गोळा तिथेच. बॉडी लिफ्टचा खरा उपयोग एकच, चाकांच्या कमानीत जागा होते आणि तिथे मोठे टायर बसतात. जी काही खरी उंची मिळते ती टायरांमुळे मिळते, आणि तीही टायरच्या वाढीच्या निम्मी. उदाहरण घ्या. अशा गाड्यांवर २६५/७० आर १६ हे माप सर्रास असते. त्याचा व्यास भरतो सुमारे ७७७ मिलिमीटर. त्याजागी हौशी मुलांचे लाडके २८५/७५ आर १६ बसवले तर व्यास होतो ८३४. फरक ५७ मिलिमीटर, म्हणजे धुरा वर येणार २८ मिलिमीटर, जेमतेम एक इंचाहून थोडा जास्त. दोन इंचाचा किट, चार नवे टायर, मजुरी, आणि पदरात एक इंच. हा हिशेब मुलासमोर कागदावर मांडावा. मुले हिशेबाला ऐकतात, ओरडण्याला ऐकत नाहीत.

तरीही करायचेच असेल, आणि करणे कायदेशीर आहे अशा देशात कोणी राहत असेल (त्याबद्दल पुढे बोलू), तर किट निवडताना पहिला प्रश्न उंचीचा. बाजारात साधारण एक ते तीन इंचांचे किट असतात. एक इंचात फारसे काही बदलावे लागत नाही. दोन इंचांवर स्टिअरिंग, रेडिएटर, गिअरचा दांडा हे प्रश्न सुरू होतात. तीन इंच ही शहाण्या माणसाची शेवटची पायरी. ठोकळा जितका उंच तितका त्यातून जाणारा बोल्ट लांब, आणि बोल्ट जितका लांब तितका त्याच्यावर वाकवणारा जोर जास्त. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. जोरात ब्रेक मारला, गाडी कशावर आदळली, की केबिनचे सगळे वजन पुढे जायला बघते आणि ते त्या बोल्टांनीच धरून ठेवायचे असते. तीनच्या पुढे जाण्यासाठी ठोकळ्यावर ठोकळा रचणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून चहा प्यावा आणि परत यावे.

ठोकळ्याचे साहित्य पॉलियुरेथेन किंवा टणक नायलॉनसारखे असावे. काही किटमध्ये ॲल्युमिनियमचे येतात, तेही चालतात. लाकूड पाणी पिऊन फुगते, कुजते. लोखंडी पाइपचे कापलेले तुकडे गंजतात आणि नीट बसतही नाहीत. बोल्ट हलके नसावेत. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर १०.९ असा आकडा कोरलेला असतो, तो बघून घ्यावा. किट नेमका त्याच मॉडेलचा, त्याच वर्षाचा आणि त्याच केबिनचा हवा, कारण एकाच नावाच्या गाडीची सिंगल केबिन आणि डबल केबिन यांचे बुश वेगळ्या जागी आणि वेगळ्या संख्येने असतात. खोके उघडून आत नुसते ठोकळे आणि बोल्ट दिसले तर तो अर्धाच किट समजावा. स्टिअरिंगचा जोडदांडा, रेडिएटरच्या पट्ट्या, बंपर वर घेण्याचे ब्रॅकेट आणि डिझेल भरायच्या नळीचा जोड हे नसतील तर मिस्त्री ते 'जुगाडाने' करणार, आणि स्टिअरिंगमध्ये जुगाड हा शब्द ऐकूनच आमच्या अंगावर काटा येतो.

शारजाच्या औद्योगिक भागातल्या एका गॅरेजमध्ये आम्ही हे काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले आहे. गाडी आमच्या नात्यातल्या एका मुलाची, जुनी डबल केबिन पिकअप. उस्ताद पेशावरकडचे, साठीच्या आसपासचे, बोलणे कमी. त्यांनी पहिल्या दिवशी गाडीला पाना लावलाच नाही. नुसते खाली सरपटून प्रत्येक बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारले आणि म्हणाले, "कल आना, बेटा. रात भर पीने दो इसको." मुलगा चुळबुळला. पण त्यातच शहाणपण होते. जुन्या गाडीत बोल्ट सोडवताना वरचा नट केबिनच्या पत्र्याच्या आत असतो. गंजलेला बोल्ट जबरदस्तीने फिरवला तर तो नट आतल्या आत सुटून गरगरा फिरायला लागतो. मग केबिनची लादी कापल्याशिवाय इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी आधी बॅटरीची वायर काढली. चाके अगदी सरळ करून स्टिअरिंग कुलूपबंद केले. हे काही गॅरेजांत करत नाहीत. स्टिअरिंगचा दांडा खालून सुटला आणि वर कोणी चाक गरागरा फिरवले तर एअरबॅगला जोडणारी आतली गुंडाळलेली पट्टी तुटते, आणि नंतर मीटरवर एअरबॅगचा दिवा लागलेला राहतो. त्यानंतर उस्तादांनी केबिनला आणि चॅसिसला एकत्र धरून असलेली प्रत्येक गोष्ट बोटाने दाखवली. हे ऐकायला सोपे वाटते, पण खरे काम हेच. स्टिअरिंगचा वरचा भाग केबिनला, खालची पेटी चॅसिसला. रेडिएटर केबिनच्या पुढच्या सांगाड्याला, पंखा इंजिनावर. ब्रेकचा मास्टर सिलिंडर केबिनला, नळ्या मात्र चॅसिसवरून चाकांकडे गेलेल्या. एसीच्या नळ्या, क्लचची नळी, हँडब्रेकची केबल, इंजिनापासून बॉडीला आलेली अर्थिंगची वायर, मागे टाकीत जाणारी डिझेलची नळी. या प्रत्येकाला दोन इंचांची ढील आहे का ते एकेक बघायचे. नसेल तिथे क्लिप सोडून, ब्रॅकेट खाली घेऊन ती द्यायची. अर्थिंगची वायर ताणून तुटली तर गाडीत असे विचित्र विजेचे दोष येतात की इलेक्ट्रिशियन महिनाभर डोके खाजवतो.

मग एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढले, दुसऱ्या बाजूचे फक्त सैल केले. दोन्ही बाजूंचे एकदम काढायचे नाहीत, केबिन सरकली तर पुन्हा जागेवर आणायला चार माणसे लागतात. जॅकवर जाड लाकडी फळी आडवी ठेवून तो केबिनच्या कडेच्या मजबूत भागाखाली लावला. फळी नसेल तर जॅक पत्र्यात घुसतो. अर्धा इंच उचलायचे, थांबायचे, सगळ्या नळ्या-वायरी बघायच्या, पुन्हा अर्धा इंच. ठोकळे आत गेले, लांब बोल्ट हाताने लावले, जॅक खाली. नंतर दुसरी बाजू. हात चिरडण्याची भीती इथेच असते, म्हणून ठोकळा सारताना केबिनखाली लाकडाचा ओंडका टेकू म्हणून दिलेला होता. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही हात आत घालू नये. हौदा वेगळा, त्याचे बोल्ट वेगळे, पण पद्धत तीच. सगळे जागेवर बसल्यावर टॉर्क पान्याने, कंपनीच्या मापाप्रमाणे आवळले. अंदाजाने दांड्याला लटकून नाही.

यानंतर जे राहते त्यालाच खरे तर निम्मा वेळ जातो. स्टिअरिंगच्या दांड्यात जोड बसवला, त्याचे बोल्ट घट्ट करून वर रंगाची खूण केली, म्हणजे पुढे कधी सरकला तर डोळ्यांना कळेल. रेडिएटर पट्ट्या लावून पुन्हा खाली आणला, कारण केबिनबरोबर तो वर गेला की पंख्याची पाती त्याच्या भोवतालच्या प्लास्टिकच्या खालच्या काठाला घासतात. गिअरचा दांडा गिअरबॉक्समधून येतो, म्हणजे चॅसिसबरोबर खाली राहिला. केबिनच्या लादीतले भोक मात्र वर गेले. दुसरा आणि चौथा गिअर टाकताना दांडा भोकाच्या मागच्या काठाला लागत होता, तो काठ कापून वर नवे रबर बसवले. बंपर वर घेतला नसता तर बंपर आणि जाळी यांच्यामध्ये मांजर बसेल एवढी फट राहिली असती. शेवटी इंजिन चालू करून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण कापले, टायर कुठे घासतो का ते पाहिले, आणि हेडलाइट खाली झुकवले. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात. दिवे तीन इंच वर गेले की समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रकाश जातो. उस्तादांनी निघताना बजावले की पाच-सातशे किलोमीटर झाले की परत यायचे, प्रत्येक बोल्ट पुन्हा आवळायचा. नवे ठोकळे वजनाखाली थोडे बसतात आणि बोल्ट सैल होतात. दोन माणसे, पूर्ण दोन दिवस. मोबाइलवर हेच काम सात मिनिटांत होते.

काम चांगले झाले म्हणजे प्रश्न मिटले असे मात्र नाही. वर दिलेल्याच टायरांचा हिशेब पुढे नेऊ. चाक सात टक्क्यांनी मोठे झाले. मीटर मात्र जुन्याच चाकाच्या फेऱ्या मोजतो. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८६ च्या जवळ धावत असते. मीटरवर दहा हजार किलोमीटर झाले तेव्हा गाडी प्रत्यक्षात दहा हजार सातशेच्या वर चाललेली असते. ऑइल बदलायचा मुहूर्त त्यामुळे दरवेळी उशिरा येतो. मोठे चाक फिरवायला इंजिनाला जोर जास्त, थांबवायला ब्रेकला जोर जास्त. भरलेली गाडी घाट चढताना हे दोन्ही जाणवते, उतरताना जास्तच जाणवते. माणसे आणि माल वर गेल्याने वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते. इंजिन आणि चॅसिस खालीच असल्याने हे कलणे सस्पेन्शन लिफ्टच्या मानाने कमी, एवढेच. ज्यांना आंबा घाटातून किंवा वरंध्यातून माल न्यायचा असतो त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आणि एक गोष्ट घरातल्या बायकांना पहिल्याच दिवशी कळते, पुरुषांना कधीच नाही. डबल केबिनमध्ये दादी बसते. गुडघे दुखणाऱ्या बाईला आधीच पायरी उंच असते. दोन इंच बॉडी आणि एक इंच टायर मिळून तीन इंचांची भर पडली की तिला चढवायला दोघे लागतात. दवाखान्यात न्यायचे तर स्टूल बरोबर घ्यावे लागते. हौद्याचेही तेच. पेटी उचलून ठेवणाऱ्या माणसाला प्रत्येक पेटी तीन इंच जास्त उचलायची आहे. एक पेटी काही नाही. पहाटे चारपासून शंभर पेट्या भरून बघाव्यात. ज्या मुलाला गाडी उंच करायची असते तो पेट्या भरणारा नसतो, हे आमचे निरीक्षण.

आता कायदा. भारतात हा विषय वाटाघाटीचा राहिलेला नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रात उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचावेत. लिफ्ट एक, टायर दुसरा, बंपर तिसरा. त्यात माल वाहणारी गाडी फिटनेस तपासणीला न्यावीच लागते, तिथे लपवाछपवी चालत नाही. दंडापेक्षा मोठी भीती विम्याची. अपघात झाला आणि सर्व्हेअरला न कळवलेला बदल दिसला तर कंपनीच्या हातात दावा नाकारायचे आयते कारण येते. समोरचा जखमी असेल तर त्याच्या भरपाईची वसुली मालकाच्या दारात येऊ शकते. गाडी बँकेच्या कर्जावर असेल तर तो आणखी एक गुंता.

अमिरातीत गाडीच्या रचनेत बदल करायचा तर वाहतूक खात्याची परवानगी काढावी लागते, आणि नोंदणीच्या नूतनीकरणासाठी जुन्या गाडीला तपासणीतून जावे लागते. आमच्या त्या मुलाने कागद आधी केले, पाना नंतर लावला. जो गॅरेजवाला "कागद बाद में देखेंगे" म्हणतो त्याच्याकडे गाडी सोडू नये. दुसऱ्याच्या देशात कामाला गेलेल्या माणसाचा गाडीपायी पडलेला दंड कधीकधी व्हिशाच्या कागदांपर्यंत पोचतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कुठे बंपरची उंची मोजतात, कुठे चॅसिसची. न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये असलेल्या नातलगाने केले म्हणून दुसऱ्या राज्यात चालेलच असे नाही.

मग कोकणातल्या मुलाने काय करावे? त्याची अडचण खोटी नसते. चिरेखाणीचा रस्ता, पावसाळ्यातला चिखल, वाडीत वर चढणारी कच्ची वाट, यांत गाडी खरोखर अडकते. पण ती बहुतेक वेळा उंची कमी म्हणून अडकत नाही, टायर गुळगुळीत झालेले असतात आणि पाटे बसलेले असतात म्हणून अडकते. वर्षानुवर्षे ज्यादा माल भरून पाटे सपाट झाले की मागचा भाग स्वतःच दोन-दोन इंच खाली येतो. पाटे काढून भट्टीवाल्याकडून पुन्हा कमान देऊन घेतली किंवा नवे कंपनीचे बसवले तर हरवलेली उंची कायदेशीररीत्या परत येते. त्याच मापाचे, पण खोल नक्षीचे टायर घ्यावेत. आणि रोजचीच वाट वाईट असेल तर पुढची गाडी घेताना कारखान्यातूनच चारही चाकांना जोर देणारी घ्यावी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठीही एक सूचना. उंच केलेली आणि पुन्हा खाली आणलेली गाडी बाजारात येते, आणि विकणारा ते सांगत नाही. सौदा करण्याआधी चटई घेऊन गाडीखाली शिरावे. केबिनच्या बोल्टांची डोकी बाकीच्या गाडीपेक्षा नवी, चकचकीत दिसतात का? बुशांच्या आसपास घासल्याच्या वर्तुळाकार खुणा आहेत का? गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर उचलून बघावे, खाली पत्रा कापलेला आहे का. स्टिअरिंगच्या दांड्यावर वेल्डिंगची रेघ दिसली तर भाव करत बसू नये, सलाम करून निघून यावे.